मोजक्या कापडात त्रिकोणांची गोधडी: आखणी कशी करू?

केतकीवन

नमस्कार मंडळी. भाचीसाठी एक गोधडी शिवायची आहे. तिला झोपताना पांघरता येईल आणि दिवसा खाली अंथरून खेळता येईल, एवढी. साधारण ४५ × ६३ इंच. डिझाइन मॉडर्न हवं आहे: समभुज त्रिकोण, थोडेच रंग, बाकी मोकळं.

घरात असलेलं कापड असं:
- निळा हातमागाचा ब्लाउजपीस, ८० सेंमी, पन्हा ४४ इंच
- मोहरी रंगाचं सुती कापड, अर्धा मीटर, पन्हा तोच
- आईच्या लाल सुती साडीतला धड राहिलेला तुकडा, १८ × २२ इंच
- ऑफव्हाइट साधं सुती कापड, दीड मीटर

याशिवाय काही विकत आणायचं नाही असं ठरवलंय. निळा पीस आईने विणकराकडून स्वतः आणलेला आहे आणि लाल साडी तर आता मिळणारच नाही. म्हणून पहिली कात्री लावण्याआधी सगळं कागदावर पक्कं करायचंय. त्रिकोण केवढा घेऊ? एवढ्यात भागेल का? अस्तराला आईचीच एक जुनी मऊ साडी आहे, त्यामुळे मागच्या बाजूची काळजी नाही.

रानजाई

किती छान बेत! वाचतेय. माझ्याकडेही असेच तुकडे साठलेत.

धावदोरा

केतकी, आधी सगळं कापड धुऊन घे. रंगीत वेगवेगळं भिजव, विशेषतः लाल आणि निळं. पाणी स्वच्छ येईपर्यंत पाणी बदलत राहा. हातमागाचं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतंच. ८० सेंमी म्हणजे साडेएकतीस इंच, पण धुतल्यावर साडेतीस धरून चाल. पन्ह्यातही किनारी सोडून ४२ इंचच हाताशी राहतील. आखणी या मापांवर कर, दुकानातल्या मापांवर नको.

खडूचीरेघ

लाल कापड मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो ना?

धावदोरा

नाही हो, रंगवून झालेल्या कापडाला घरच्या मिठाने रंग धरत नाही. सुटा रंग धुवून काढणं हाच उपाय. चार-पाच पाण्यांनंतरही लाल उतरत असेल, तर ते ऑफव्हाइटच्या शेजारी लावूच नये.

गुण्या_कर्कटक

मी पेशाने ड्राफ्ट्समन. घरात बायको गोधड्या शिवते, कागदावरचं काम माझ्याकडे असतं. ही आखणी सोडवायला मजा आली, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळे आधी त्रिकोणाचं माप ठरवतात आणि मग कापड पुरेल का ते बघतात. कापड मोजकं असेल तर उलट दिशेने जायला हवं: कापडाची लांबी कुठल्या मापाने नीट भागली जाते ते बघायचं आणि त्यावरून त्रिकोण ठरवायचा.

त्रिकोण पन्ह्यातून काढलेल्या आडव्या पट्ट्यांतून, एक सुलट एक उलट असे कापायचे. पाव इंच माया (शिलाईसाठी कडेला सोडलेलं कापड) धरली आणि वरचं टोक पाव इंच छाटलेलं ठेवलं, तर पट्टीची उंची = तयार त्रिकोणाची उंची + अर्धा इंच. टोक पूर्ण ठेवलं तर पाऊण इंच मिळवावा लागतो. छाटलेलं टोक दोन्हीकडून बरं: कापड वाचतं आणि शिवताना दोन तुकडे एकमेकांवर अचूक बसतात.

आता तुमचा निळा पीस, धुतल्यानंतर ३०.५ × ४२ इंच:

तयार उंची ६ इंच घेतली तर पट्टी साडेसहाची. चार पट्ट्या, प्रत्येकीत ९ त्रिकोण, एकूण ३६. तयार क्षेत्रफळ सुमारे ७४८ चौरस इंच. साडेचार इंच कापड उरतं आणि त्यातून एकही त्रिकोण निघत नाही.

८ इंच घेतली तर पट्टी साडेआठची, तीनच पट्ट्या, २१ त्रिकोण, सुमारे ७७६ चौरस इंच.

७ इंच घेतली तर पट्टी साडेसातची. चार पट्ट्या म्हणजे बरोबर ३० इंच! प्रत्येकीत ८, एकूण ३२ त्रिकोण, सुमारे ९०५ चौरस इंच.

कापड तेच, पण ६ ऐवजी ७ घेतल्यावर दीडशेहून अधिक चौरस इंच जास्त झाकले जातात. तुमच्या पिसाचं माप ७ आहे.

बाकी हिशेब: मोहरीतून दोन पट्ट्या, १६ त्रिकोण. लालमधून दोन पट्ट्या, प्रत्येकी ३, म्हणजे ६ (चौथा पाऊण इंचाने हुकतो). रंगीत एकूण ५४. ऑफव्हाइट धुतल्यावर ५७ इंच धरा, सात पट्ट्या, ५६ त्रिकोण. सगळे मिळून ११०.

लागतील किती? ७ इंच उंचीच्या त्रिकोणाची बाजू ८.०८ इंच. एका ओळीत १२ त्रिकोण लावून दोन्ही कडा सरळ कापल्या की रुंदी साडेचव्वेचाळीस. नऊ ओळी म्हणजे ६३ इंच लांबी. १२ × ९ = १०८.

आहेत ११०, हवेत १०८. भागतंय.

केतकीवन

काका, मनापासून आभार! मी ६ इंचच धरून चालले होते. पण फक्त दोन शिल्लक म्हणजे छातीत धडधड. एक पट्टी जरी तिरकी कापली गेली तरी संपलं.

ओसरी

माझं मत वेगळं आहे. त्रिकोण लहान घे, ३ इंचाचे. आमच्याकडे आजी बोटभर चिंध्यासुद्धा जोडायची. लहान तुकड्यांनी गोधडी भरून दिसते आणि रंग सगळीकडे पसरतात.

गुण्या_कर्कटक

ओसरीताई, दिसायला ते सुरेखच असतं. पण तुकडा जितका लहान, तितकं कापड मायेत जास्त जातं. ७ इंचांच्या त्रिकोणात कापलेल्या कापडाचा पाचव्या हिश्शापेक्षा थोडा कमी भाग शिलाईखाली लपतो. ३ इंचांच्या त्रिकोणात तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त लपतो. चिंध्या आधीच लहान असतील तर लहान त्रिकोण योग्यच, कारण दुसरा उपाय नसतो. इथे मात्र अखंड पीस आहे. तो बारीक कापला तर केतकीताईंकडचं कापड पुरणारच नाही.

ओसरी

हे पटलं. आजीकडे अखंड कापड कधी नव्हतंच, सगळ्या चिंध्याच.

सातासमुद्रापार

अमेरिकेतून लिहितेय. इथे अर्धा यार्ड कापड मधोमध कापून १८ × २२ इंचांचे तुकडे विकतात, त्याला फॅट क्वार्टर म्हणतात. केतकी, तुझा लाल तुकडा नेमका तेवढाच आहे, त्यामुळे त्या मापाची कुठलीही आकृती तुला चालेल.

मला सांगायचंय ते मोकळ्या जागेबद्दल. ५६ ऑफव्हाइट त्रिकोण कापून पुन्हा एकमेकांना जोडायचे कशासाठी? पांढऱ्याला पांढरं जोडलं की लांबून एकच पांढरं दिसतं. मधली शिलाई वाया, मायेत गेलेलं कापड वाया. मॉडर्न क्विल्टमध्ये मोकळी जागा अखंडच ठेवतात. तीन ओळींच्या जागी एक सलग पट्टा लाव.

अलाबामातल्या गीज बेंड गावच्या बायकांच्या गोधड्या पाहा. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं, पुढे २००६ मध्ये त्यांच्यावर अमेरिकेत टपाल तिकिटंही निघाली. शेतात वापरून विटलेल्या कामाच्या कपड्यांचे मोठमोठे तुकडे, जसे मिळाले तसे जोडलेले. विजारीच्या पायाचा लांब तुकडा लांबच ठेवलेला. कापड कमी होतं म्हणूनच त्यांनी ते बारीक केलं नाही. त्या रचना आज पाहिल्या तरी नव्या वाटतात.

केतकीवन

अगं, हे डोक्यातच आलं नव्हतं! पण पन्हा ४२ आणि मला रुंदीला ४५ हवेत. सलग पट्टा कसा निघेल?

गुण्या_कर्कटक

पट्टा कापडाच्या लांबीत काढायचा. ऑफव्हाइट ५७ × ४२ आहे. त्यातून ४५ × २१.५ इंचांचा एकच तुकडा काढा, म्हणजे तीन ओळी झाल्या. उभ्या धाग्याच्या दिशेने असल्यामुळे तो ताणलाही जाणार नाही.

बाजूला ५७ × २०.५ उरतं. त्यातून साडेसातच्या दोन लांब पट्ट्या, प्रत्येकी ११ त्रिकोण. पट्ट्याच्या टोकाशी १२ × २१.५ चा तुकडा उरतो, त्यातून आणखी ३. एकूण २५ ऑफव्हाइट त्रिकोण.

आता ओळी उरल्या सहा, त्रिकोण लागतात ७२. रंगीत ५४ अधिक २५ म्हणजे ७९. दोनाऐवजी सात शिल्लक आणि शिवायचे त्रिकोण ३६ ने कमी.

धावदोरा

काका 🙏 हा हिशेब वहीत उतरवून ठेवतेय.

रानजाई

माझ्याकडे तीन खण आहेत, ओटीत आलेले. ते यात चालतील का? खणाची घडीच त्रिकोणी असते, त्यामुळे मला ते फार शोभेल असं वाटतं.

ओसरी

कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा सुती खण असेल तर जरूर. पण हल्ली बऱ्याच खणांत कृत्रिम धागा असतो. तो सुती कापडासारखा आटत नाही आणि कडक इस्त्रीत आकसतो. तसे असतील तर तीनही खण एकाच गोधडीत वापर, शेजारी सुती कापड घालू नकोस. पन्हाही कमी असतो, तेव्हा काकांनी सांगितलं तसं भागून बघ आणि मगच माप ठरव. खणाची किनार जाड असते, ती त्रिकोणात घेऊ नकोस, गोटाला (गोधडीच्या कडेच्या पट्टीला) वापर.

खडूचीरेघ

साठ अंशांची खास पट्टी माझ्याकडे नाही. ती आणावीच लागेल का?

गुण्या_कर्कटक

गरज नाही. मुलांच्या कंपासपेटीत जो ३०-६०-९० अंशांचा गुण्या असतो, तो पुरे. जाड पुठ्ठ्यावर २२.७ सेंमीची रेघ मारा. दोन्ही टोकांवर गुण्याचा साठ अंशांचा कोन ठेवून रेघा वर न्या, जिथे भेटतील तिथे शिखर. उंची १९.७ सेंमी भरली पाहिजे. मग शिखरापासून ६ मिलिमीटर खाली आडवी रेघ मारून टोक छाटा. उरलेली उंची १९ सेंमी, म्हणजे साडेसात इंच. हा साचा मायेसकट आहे. पुठ्ठ्याच्या कडा झिजतात, म्हणून जुन्या एक्स-रे फिल्मवर तोच काढून घेतलात तर शेवटच्या तुकड्यापर्यंत माप बदलत नाही.

एक सावधगिरी. पट्टीच्या दोन्ही टोकांना जे काटकोनी तुकडे उरतात, ते कडेच्या अर्ध्या त्रिकोणासाठी योग्य वाटतात. तसे ते नाहीत, माया धरली की जवळजवळ अर्धा इंच कमी पडतात. कडेला पूर्ण त्रिकोणच लावा आणि ओळी जोडून झाल्यावर सरळ छाटा. माझ्या १२ च्या हिशेबात ते धरलेलं आहे.

धावदोरा

आता कापडाच्या ताणाबद्दल. समभुज त्रिकोणाची एकच बाजू सरळ धाग्यावर येते. उरलेल्या दोन तिरक्या, शिंप्यांच्या भाषेत उरेब. त्या हाताळता हाताळता सुद्धा ताणल्या जातात, मग ओळ शिवल्यावर कमानीसारखी वाकते. उपाय घरातच आहे: कापायच्या आधी भाताच्या पेजेची खळ द्या. पेज गाळून, पातळ करून, कापड त्यात बुडवून सावलीत वाळवा आणि थोडं दमट असताना इस्त्री करा. कापड कागदासारखं कडक होतं, रेघ स्वच्छ उमटते आणि कात्री सरकत नाही. गोधडी पूर्ण झाल्यावर पहिल्या धुण्यात खळ निघून जाते.

त्रिकोण जोडल्यावर इस्त्री ओढायची नाही. उचलायची, ठेवायची, दाबायची. मशीनवर शिवत असाल तर माया दोन्हीकडे उघडून दाबा, कारण जिथे ओळी मिळतात तिथे सहा टोकं एकत्र येतात आणि एका बाजूला दाबलं तर गाठ होते. हाताने शिवत असाल तर माया एकाच बाजूला दाबा, टाक्यांमधून सूत दिसत नाही.

आणि ओळ पट्ट्याला जोडताना त्रिकोणाची टोकं कडेपासून पाव इंच आत आहेत ना ते बघा. नाहीतर टोकं शिलाईत गडप होतात आणि सगळी मेहनत बोथट दिसते.

सातासमुद्रापार

रंगांच्या मांडणीबद्दल: सगळे त्रिकोण जमिनीवर मांड आणि फोनवर कृष्णधवल फोटो काढ. निळा आणि लाल एकसारखे गडद दिसले तर ते शेजारी-शेजारी ठेवू नकोस, मध्ये मोहरी किंवा ऑफव्हाइट येऊ दे. लाल फक्त सहाच आहेत, तेव्हा ते विखरून टाकण्यापेक्षा तीन-तीनच्या दोन जागा कर. आईची साडी आहे, दिसू दे ती.

ओसरी

मोकळा पट्टा मला अजूनही थोडा अपुरा वाटतो. आमच्याकडे गोधडी म्हणजे इंचभरही जागा रिकामी नाही.

हल्याळकडची

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितेय. आमच्या बाजूला, कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी (त्यांची गोधडी) शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले, त्यातले बरेच गोव्यातून पोर्तुगिजांच्या काळात इकडे आले. त्या तुकडे आधी एकमेकांना जोडत नाहीत. खाली साडी अंथरतात, कडेपासून सुरुवात करतात आणि एकेक तुकडा दुमडून धावदोऱ्याने थेट साडीवर शिवत मध्यापर्यंत येतात. कवंदी पूर्ण झाली की चारही कोपऱ्यांना कापड दुमडून केलेली त्रिकोणी फुलं लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी मानतात.

केतकीताई, तुमच्या मोहरी कापडातून दोन पट्ट्या काढल्यावर चार इंचांची एक चिंचोळी पट्टी उरेल. तिचे चार इंचांचे चौकोन कापा, दोनदा तिरके दुमडा आणि चारही कोपऱ्यांत गोटाखाली अडकवा. कापड वाया जाणार नाही आणि गोधडीला फुलंही मिळतील.

केतकीवन

हे वाचून अंगावर काटा आला. नक्की लावणार! मोकळा पट्टा आणि कोपऱ्यांना फुलं, ओसरीताई, आता तुम्हालाही चालेल ना?

ओसरी

फुलं लावणार असशील तर माझी काही तक्रार नाही. 🙂

खडूचीरेघ

गोटाला कापड कुठून येणार?

गुण्या_कर्कटक

घेर सुमारे २१६ इंच, जोड आणि कोपऱ्यांसाठी दहा इंच जास्त धरा. ऑफव्हाइटची ५.५ × ५७ ची पट्टी उरतेय. सव्वादोन इंची दोन पट्ट्या काढल्या तरी ११४ इंचच होतात. निम्माच गोट.

धावदोरा

अस्तराची साडी साडेपाच मीटर आहे ना? अस्तराला पावणेदोन मीटर लागतील, आतल्या थरालाही तीच साडी वापरली तर आणखी तेवढीच. उरलेल्या दोन मीटरच्या दोन्ही बाजूंचे काठ उतरवा, चार मीटर होतात, म्हणजे १५७ इंच. त्यात ऑफव्हाइटच्या पट्ट्या जोडल्या की गोट पूर्ण. काठ ताठ विणलेले असतात, कडेला उत्तम टिकतात.

साडीचा पन्हा साधारण ४६ असतो आणि गोधडी साडेचव्वेचाळीस, तेव्हा अस्तराला बाजूने इंचभरही धड मिळत नाही. तिन्ही थर जमिनीवर ताणून, चारी बाजू चिकटपट्टीने धरून, मग मध्यापासून बाहेर कच्चे टाके घाला. तसं केलंत तर सरकणार नाही. भीती वाटत असेल तर अस्तराच्या एका बाजूला चार इंचांची पट्टी जोडून घ्या, मागून तीही छान दिसते.

केतकीवन

कापड धुऊन, खळ देऊन झालं. निळा पीस तीस इंच आणि वर थोडासा भरला, मोहरी एकोणीस. काल संध्याकाळी साचा बनवून सगळे त्रिकोण कापले. मांडणी अशी ठरलीये:

वरच्या तीन ओळी पूर्ण रंगीत, ३६. चौथ्या ओळीत ८ रंगीत आणि ४ ऑफव्हाइट. पाचवीत ५ आणि ७. मग तो एकवीस इंचांचा मोकळा पट्टा. सर्वांत खाली एक ओळ, त्यात फक्त ३ रंगीत, तिन्ही लाल, उजवीकडे. उरलेले तीन लाल वर डावीकडे, मोहरीच्या मध्ये. रंगीत ५२ लागले, दोन निळे शिल्लक. ऑफव्हाइट पाच शिल्लक.

कृष्णधवल फोटोत लाल आणि निळा खरोखरच एकसारखे आले! त्यामुळे पाचव्या ओळीतले दोन निळे हलवले.

आता एकच प्रश्न. त्रिकोणांवर मी शिलाईपासून पाव इंच आत धावदोरा घालणार आहे. पण मोकळ्या पट्ट्यावर काय? तो साधा आहे, टाके तिथेच सर्वांत जास्त दिसणार.

हल्याळकडची

समांतर ओळी घाला, एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत, बोटभर अंतराने. दोरा ऑफव्हाइटपेक्षा किंचित गडद.

सातासमुद्रापार

किंवा त्रिकोणांची जाळी पुढे चालू ठेव. वरच्या ओळींच्या तिरक्या रेघा शिंप्याच्या खडूने पट्ट्यावर तशाच खाली ने, शेवटच्या ओळीच्या टोकांना जाऊन मिळतील. कापड न कापता तिथेही तीन ओळी त्रिकोण होतील, फक्त टाक्यांचे. निळ्या दोऱ्याने केलंस तर लांबूनही कळतील.

गुण्या_कर्कटक

रेघा बरोबर मिळतील. पट्टा नेमका तीन ओळींचा आहे, त्यामुळे खालच्या ओळीचं पहिलं टोक जिथे यायला हवं तिथेच येतं. तीन ही विषम संख्या आहे, म्हणून फक्त एवढं बघा: पाचव्या ओळीचा पहिला त्रिकोण वर टोक करून असेल, तर नवव्या ओळीचाही पहिला तसाच हवा. त्या दोन्ही ओळी एकसारख्या सुरू झाल्या की जाळी अखंड राहील.

केतकीवन

जमिनीवर बघून आले. नववी ओळ उलटी लावली होती, आत्ताच तिचा एकेक त्रिकोण जागच्या जागी फिरवला. लाल तिन्ही तशीच उजवीकडे राहिली. निळा दोरा आहे घरात. उद्यापासून पहिली ओळ शिवायला घेते.